तिसऱ्या खणाचा लाल दिवा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचा फोन करणारा माणूस कितीही भला असला, तरी त्या क्षणी तो वैरीच वाटतो. नीला आदला दिवसभर दिघीच्या विहारात पंगतींना वाढत उभी होती. पायांची लाकडं झाली होती. आज अंथरुणातून उठायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तेवढ्यात कुरुळीच्या मालोजींचा फोन आला. "मॅडम, सर्व्हरमधलं सगळं गेलं. एकही फाईल दिसत नाही."

पंधरा वर्षं ती लोकांचे सर्व्हर दुरुस्त करत होती आणि पंधरा वर्षं लोकांचं सगळंच जात होतं. थोडंसं गेलं असं कुणी कधी म्हणतच नाही. तिनं हेल्मेट चढवलं, स्कूटर काढली आणि मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगेत जाऊन अडकली.

मालोजींचा कारखाना तसा छोटा. गाड्यांच्या पत्र्याचे साचे बनवायचा. खंडेनवमीला पुजलेल्या मशिनींवर झेंडूचे हार सुकत होते, लेथच्या कपाळावर हळदीकुंकू होतं. शेडच्या दाराबाहेर मालोजींची आई, दुर्गाबाई, प्लॅस्टिकच्या स्टुलावर अंगणाकडे तोंड करून बसली होती. पायाशी जेवणाचा डबा, न उघडलेला. नीलानं मान लववली, पण म्हातारीचं लक्ष नव्हतं.

"बघितलंत ना? सगळे तिचेच प्रताप," मालोजी ऑफिसात शिरता शिरता म्हणाले. आवाज बाहेर जाईल इतका मोठा होता, आणि तो मुद्दामच होता. "वडील, आमचे दादा, होते तेव्हापासून खंडेनवमीची पूजा तिच्याकडे. यंदा काय डोक्यात आलं, सर्व्हरचा एक खण ओढला, डिस्क बाहेर काढली, ओल्या फडक्यानं पुसली, कुंकू लावलं आणि परत आत ढकलली. चालू सर्व्हरची! सांगून टाकलंय तिला, आजपासून कारखान्यात पाय ठेवायचा नाही."

नवऱ्यामागे ज्या बाईनं दरवर्षी इथल्या प्रत्येक मशिनीला कुंकू लावलं, तिला घरी बसवायचं म्हणजे जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोत बसवण्यासारखंच होतं. पण ते सांगायला नीला आली नव्हती. तिनं खुर्ची ओढली.

स्क्रीनवर व्हॉल्यूमची, म्हणजे फाईली ठेवायच्या कप्प्यांची, यादी कोरी होती. खाली निळं बटण मात्र ठळक होतं. नवीन व्हॉल्यूम तयार करा.

"मी तेच दाबणार होतो," मालोजी म्हणाले. "मग म्हटलं तुम्हाला विचारावं."

नीलानं माऊस त्यांच्यापासून लांब सरकवला. "ते दाबलं असतंत तर जुनं सगळं पुसलं गेलं असतं, मला बोलवायची गरजच उरली नसती. बॅकअप कुठाय?"

"हाच की बॅकअप. चार डिस्क आहेत, एक गेली तरी चालतं, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं."

विकणारा खोटं बोलला नव्हता, फक्त अर्धंच बोलला होता. चार डिस्कवर माल वाटलेला असतो. एक गेली तर उरलेल्या तिघी तिचं भागवून नेतात. दोन गेल्या की कुणालाच काही आठवत नाही, आणि डिस्क चांगल्या असूनही व्हॉल्यूम दिसेनासं होतं. शिवाय चुकून काही पुसलं गेलं तर ते चारही ठिकाणचं पुसलं जातं. म्हणून बॅकअप वेगळ्या जागी ठेवायचा असतो.

पण म्हातारीनं एकच डिस्क काढली होती. मग दुसरी कुठली गेली?

नीला कंबरेवर हात ठेवून वाकली. पहिल्या खणाच्या फटीत कुंकू होतं, तो म्हातारीचा. तिसऱ्या खणाच्या दिव्यावर मात्र काळी चिकटपट्टी होती. नखानं उचलली. खाली दिवा लालभडक.

"ही पट्टी कुणी लावली?"

"मीच. डोळ्यात जायचा तो. चैत्रात हे धूड सारखं वाजायला लागलं, पीं पीं, पीं पीं. आईनं वेगळी कटकट लावली, ते रडतंय बघ, ते रडतंय बघ म्हणून. शेवटी व्हिडिओ बघून आवाज बंद केला." गळका नळ घरच्या घरी दुरुस्त केल्याच्या थाटात ते सांगत होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी! पण ज्याचं सगळं गेलंय त्याला तेव्हा खरं सांगून उपयोग नसतो, त्याला ऐकूच येत नाही. आधी फाईली परत यायला हव्यात.

तिनं सर्व्हर बंद केला. चारही डिस्क काढताना प्रत्येकीवर कुठल्या खणातली ते लिहिलं. पहिलीच्या तोंडाशी कुंकवाचा लगदा वाळला होता. तो स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशनं हलक्या हातानं काढला. पाठीतून कळ येत होती. डिस्क बसल्या, सर्व्हर सुरू झाला, पहिलीचा दिवा हिरवा लागला. सुट्टी होती म्हणून नंतर कुणी काही लिहिलं नव्हतं, हे नशीब. आता तिघींना पुन्हा एकत्र बांधायचं आणि सर्व्हरला सांगायचं, हीच तुझी जुनी माणसं, चालवून घे. आज्ञा देण्याआधी तिनं डिस्कवरचे खणांचे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. चुकलं असतं तर म्हातारी त्या स्टुलावरून उठून जी घरी गेली असती ती कायमची.

यादीत एक ओळ उमटली. मग फोल्डर. मालोजींनी पहिलं उघडलं ते वडिलांनी हातानं काढलेल्या साच्यांच्या ड्रॉइंगचं. ते एकेक करून सगळी ड्रॉइंग उघडत गेले.

नीलानं बाहेरची डिस्क जोडली, सगळं तिच्यावर उतरवायला लावलं, आणि मग बोलली. "साहेब, चैत्रात हा वाजत होता तेव्हाच तिसरी डिस्क गेली होती. तेव्हा बदलली असतीत, तर परवा आजींनी एक काढली तरी कारखान्याला पत्ता लागला नसता."

"पण तिनं काढायची कशाला?"

"काढायला नको होती. पण रडतंय असं सांगितलं होतं त्यांनीच."

नीलानं आवाज परत चालू केला. पीं पीं, पीं पीं. "नवी डिस्क येईपर्यंत वाजणार." मालोजींचा हात सवयीनं आवाजाच्या बटणाकडे गेला, थबकला आणि मागे आला.

ते बाहेर गेले. नीलाला दारातून दिसत होतं.

"आई, आलं परत सगळं."

"त्यांची कागदं बी?"

"दादांची पण."

"मग ते रडतंय कशापायी?"

"चैत्रातलंच दुखणं हाय."

"म्या म्हनलं व्हतं."

"व्हय," मालोजी म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं ऑफिसचं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "म्हनली व्हतीस. माझंच चुकलं."

दुर्गाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मालोजींनी स्टूल उचललं, डबा घेतला आणि दोन्ही लेथच्या बाजूनं आत आणून वाजणाऱ्या सर्व्हरशेजारी ठेवलं. मागे वळून पाहिलं तर आई दाराशीच उभी.

"ठेवू का पाय?" दुर्गाबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्या खरंच विचारत होत्या.