शिक्क्यावरचा स्क्रू

मला कुणी विचारलं, तुम्ही काय करायचात, तर मी सरळ सांगते, टर्नर होते. लेथवर उभी राहून लोखंड सोलायचे. लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या हातांकडे, आणि मग विचारतात, "म्हणजे ऑफिसमध्ये?" ऑफिसमध्ये लेथ असतो होय? डोंबल!

माझ्या लेकाला मात्र हे सांगणं जिवावर येतं. त्याच्या ऑफिसातल्या लोकांना तो म्हणतो, "आई कंपनीत होती." एवढंच. खोटं काही नाही त्यात. पण कंपनीत रखवालदारही असतो आणि मालकही असतो. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते, पण दर वेळी टोचतंच.

तर या लेकाला नि सुनेला हल्ली लेटरबॉक्सिंगचा नाद लागलाय. सुनेनं मला नीट समजावून सांगितलं. कुणीतरी बागेत, टेकडीवर, भिंतीच्या खाचेत एक डबा लपवतं आणि तो कसा सापडेल याच्या खाणाखुणा लिहून ठेवतं. डब्यात एक वही नि एक शिक्का. शोधणाऱ्यानं डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा, आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. नाव लिहायचं नाही. "तुमचा शिक्का हेच तुमचं नाव, आई," ती म्हणाली, "आणि तो स्वतःच्या हातानं कोरलेला हवा."

मी कान टवकारले. जन्मभर मी केलेल्या जॉबवर, म्हणजे एकेका सुट्या भागावर, शिक्का बसला तो कंपनीचा. माझ्या हातचा कुठला आणि शेजारच्या लेथवरचा कुठला, बाहेर गेल्यावर कुणाला कळणार? मी म्हटलं, मला पण यायचंय. रविवारी लेकाच्या ऑफिसातली मंडळीही येणार होती. तो जरा चपापला, पण नाही म्हणाला नाही.

मग शिक्क्यावर काय काढायचं यावर घरात खल सुरू झाला. सुनेच्या शिक्क्यावर झोपलेलं मांजर आहे, ते एकवेळ पटतं, तिला कुठंही टेकलं की झोप लागते. लेकाच्या शिक्क्यावर डोंगर. दुसऱ्या मजल्यावर चढला की याला धाप लागते, आणि म्हणे डोंगर!

"आई, तू फूल काढ," तो म्हणाला. "किंवा एखादा पक्षी. जरा नाजूक काहीतरी."

"मी कधी नाजूक होते रे?"

"अगं, मिरची काढ," आमचे हे पेपरामागून म्हणाले. "शिक्का बघितल्या बघितल्या ओळख पटेल."

सून खो खो हसली. मी यांच्याकडे असं काही बघितलं की पेपर परत वर गेला.

"मी स्क्रू काढणार," मी म्हटलं.

लेक म्हणाला, "हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात वाटेल ती."

"वाटू दे."

"लोक विचारतील, स्क्रू का म्हणून."

"विचारू देत की. मी सांगीन."

"तेच तर," तो पुटपुटला आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून जास्त वाईट वाटलं. ज्या हातांनी याला वाढवलं त्या हातांचं काम याला लपवावंसं वाटतं, हे आता माझ्या तोंडावर आलं होतं. ठरलं तर मग. आता स्क्रूच, आणि त्याच्या ऑफिसातल्या मंडळींसमोरच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेनं खास रबराच्या वड्या आणि कोरायचं हत्यार आणून दिलं. हत्यार कसलं, लोणी कापायलाही चाललं नसतं. आधी त्याला धार लावली. सून म्हणाली, "आई, चित्र आधी कागदावर काढा. मग कागद रबरावर पालथा घालून घासायचा, म्हणजे..."

"कागद कशाला? ड्रॉइंग बघून थेट लोखंड कापलंय मी. हे तर रबर आहे."

तिनं बिचारीनं वडी माझ्यापुढं सरकवली. मी पेन घेतलं, रबरावरच स्क्रू काढला. चपटं डोकं, त्यात खाच, खाली एकसारखे आटे. कोरायला बसले तशी भूक-तहान विसरले. रबराची बारीक साल निघत होती, बोटांना त्यांची जुनी सवय आठवत होती, आणि मला इतका आनंद झाला की मी चक्क गुणगुणायला लागले. काम संपलं, शाईवर टेकवला, कागदावर दाबला, उचलला.

आणि कपाळावर हात मारला. स्क्रू उलटा! मी काढले होते उजवे आटे, उजवीकडे फिरवलं की घट्ट बसणारे, सगळं जग वापरतं ते. कागदावर उमटले डावे.

"छान तर आलाय," सून म्हणाली. "कुठं उलटा?"

तिला दिसणारच नव्हतं. स्क्रूच्या रेघा तिरक्या, तशा त्या होत्या. पण मला दिसत होतं ना! आरशात जे होतं तेच शिक्क्यात होतं, आणि ती पोर मला हेच सांगत होती. आमचा तोरा नडला, दुसरं काय. मुकाट्यानं दुसरी वडी घेतली, कागदावर चित्र काढलं, पालथं घातलं, घासलं, पुन्हा कोरलं. या वेळी उजवे आटे उमटले, अगदी बिनचूक.

दोन्ही शिक्के समोर ठेवून मी बसले. बरोबरचा घ्यायचा, यात विचार करण्यासारखं काय होतं? पण हात सारखा त्या डाव्याकडे जायला लागला.

मी नवीन होते तेव्हा फोरमननं माझ्यापुढं डाव्या आट्याचा जॉब टाकला. मुद्दाम, माझी जिरवायला. एरवी हत्यार बाहेरून चकाकडे, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या जबड्याकडे, जातं, यात ते चकाच्या बाजूनं सुरू करून बाहेर आणायचं. हाताची सगळी सवय उलटी करायची. कामं सोडून माणसं तमाशा बघायला जमली. मी कुणाकडे बघितलं नाही, नजर हत्याराच्या टोकावर ठेवली. जॉब उतरवला, फोरमननं नट फिरवून बघितला, तो अलगद बसला. त्यानंतर डाव्या आट्याचं काम आलं की सगळे काखा वर करायचे आणि म्हणायचे, बाईंकडे द्या. सायकलच्या डाव्या पेडलला डावेच आटे लागतात, उजवे घातले तर पाय मारता मारता पेडल सुटून येईल. असली कामं माझी. उजवे आटे काय, आमच्या वर्कशॉपमधला कुणीही पाडायचा.

मी उजवा शिक्का खणात टाकला. कुणाला काही बोलले नाही. नुसत्या स्क्रूवरून एवढं रामायण झालं होतं, त्यात आणखी डावं-उजवं कुठं काढू?

रविवारी ओढ्यावरच्या छोट्या पुलाखाली, सैल झालेल्या एका दगडामागं डबा सापडला. सगळ्यांनी आरडाओरडा केला. मग एकेकानं शिक्के मारले. कुणाची सायकल, कुणाची छत्री, सुनेचं मांजर, लेकाचा डोंगर. माझी पाळी आली. मी शिक्का नीट दाबला, उचलला. एक रेघसुद्धा फुटली नव्हती.

"किती सुबक!" लेकाच्या साहेबीणबाई वाकून बघत म्हणाल्या. "स्प्रिंग आहे का हो ही?"

याच क्षणासाठी तर मी आले होते. तोंड उघडलं, आणि लेकाकडे नजर गेली. त्याचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ रेटेना. माझा ताठा माझ्याजवळ, पण त्यापायी चारचौघांत पोराला मान खाली घालायला लावू? मी शब्द गिळला. म्हणणार होते, हो, स्प्रिंगच.

तेवढ्यात लेकानं वही माझ्या हातून घेतली. पान उभं धरलं, चित्रातल्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि थबकला.

"स्प्रिंग नाही मॅडम, स्क्रू आहे," तो म्हणाला. "आणि साधा नाही, डाव्या आट्याचा. हे बघा, चढ डावीकडे जातोय."

मी बघतच राहिले. हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"लहानपणी जेवायला बसलो की ही माझ्या हातात स्क्रू द्यायची. डावा का उजवा ते सांगितल्याशिवाय ताट पुढ्यात यायचं नाही." तो हसला, मग एकदम सरळ उभा राहिला. "माझी आई टर्नर आहे. लेथवर काम केलंय तिनं जन्मभर. डाव्या आट्याचं काम वर्कशॉपमध्ये फक्त हिच्याकडे यायचं, बाकी कुणाला जमायचंच नाही!"

हे त्यानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की पुलावरून जाणारी माणसं थांबून खाली वाकून बघायला लागली. माझे डोळे भरून आले होते. एरवी मी म्हटलं असतं, अरे, हळू बोल. नाही म्हटलं.