तळमजल्याची ऊब

रेव्हरंड टॉलिव्हर उपदेशाला उभे राहिले की बोलता बोलता गाऊ लागत, आणि आमचं सगळं डेट्रॉइटचं चर्च त्यांच्यामागून डोलायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते व्हर्लीनकडे, म्हणजे लेकीकडे, राहायला आले. जिना चढवत नव्हता, म्हणून तळमजल्यावरची खोली दिली. ती खोली गार पडायची. खोकला छातीत उतरला तेव्हा त्यांचा थोरला मुलगा लेम्युएल म्हणाला, "रविवारी न्यायला येतो. वृद्धाश्रमात निदान ऊब तरी मिळेल."

"ये की," व्हर्लीन म्हणाली. "पण बाबा इथेच राहणार."

घरातली ऊब ठरवणारे दोन थर्मोस्टॅट होते, वर एक, खाली एक. तिचा नवरा क्लीओटस याने वरचा चांगला चढवून ठेवला होता, घर वरून तापत येईल म्हणून.

"अहो, ऊब वर चढते," व्हर्लीन म्हणाली. "वरून खाली येते ती देवाची कृपा!" आणि तिने वरचा उतरवला.

"मग मी काय कुडकुडत झोपू?"

"मोजे घाला."

खालचा तिने वाढवला. तरी शनिवारी दुपारी बाबांचे हात बर्फासारखे. चर्चच्या जेवणासाठी सकाळपासून ओव्हनमध्ये रताळ्याचं गोड सारण भरलेले पाई भाजले जात होते, शेगडीवर पालेभाजी रटरटत होती. व्हर्लीन खालच्या थर्मोस्टॅटसमोर जाऊन उभी राहिली. तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारीच, आणि दाराला दारच नाही, नुसती कमान. भिंत हाताला गरम लागली. आकडा सांगत होता, घर तापलंय. म्हणून तळमजल्याचा हीटर बंद, आणि पलीकडच्या खोलीत म्हातारा गारठलेला.

"म्हणजे माझ्या ओव्हनने याला फसवलं!"

"पाई करणं सोड मग," क्लीओटस म्हणाला.

"चर्चला शब्द दिलाय. पाईही होतील नि बाबाही राहतील."

तिने आईची जाड गोधडी काढली, स्टुलावर चढली आणि कमानीला खिळे ठोकून ती जमिनीपर्यंत सोडली. मग गोधडीच्या आतल्या बाजूला घामाघूम होत पाई भाजत राहिली. थोड्या वेळाने बाहेरची भिंत निवली. तळघरात बसवलेला तो हीटर घुरघुरला. बाबांच्या पलंगाजवळची हीटरची जाळी गरम वारा सोडू लागली.

रविवारी लेम्युएल आला तो गोधडी बघून हसलाच.

"हे काय, तंबू ठोकलास?"

"हसू नकोस. आत जा आणि बाबांचे हात धर."

तो आत गेला. हात धरले, बराच वेळ सोडले नाहीत. रेव्हरंड उशीला टेकून बसले होते. खोकला होता, पण बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होते.

"बाबा, तुम्हाला इथंच राहायचंय का?"

"पोरा, तो कोट काढ आणि बस," रेव्हरंड म्हणाले. "आज चर्चला जाता आलं नाही. उपदेश राहिलाय माझा, आणि तो लांबणार आहे."

लेम्युएलने कोट काढला.