विमानावरची शेवटची रेघ

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. भिंती फासणारा नाही हं, अक्षरं लिहिणारा! हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी बोलतही नाही.

मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात माझे मऊ केस लाकडी दांड्याला बसवले गेले आणि पापडी गावच्या रिचर्ड पेंटरांनी मला विकत घेतलं. तीस वर्षं आम्ही आगाशीच्या बाजारातल्या पाट्या आणि अर्नाळ्याच्या होड्या रंगवल्या. लोक म्हणायचे, "रिचर्डचं अक्षर म्हणजे मोत्यासारखं!" खरं तर ते माझं अक्षर, पण जाऊ द्या.

होडीवर नाव लिहिताना रिचर्डदादांची एक रीत होती. शेवटच्या अक्षराची शेवटची रेघ ते कधीच ओढत नसत. ती त्या घरच्या बाईनं ओढायची. "किनाऱ्यावर उभी राहून वाट तीच बघणार ना? मग तिचा हात लागल्याशिवाय होडी पाण्यात कशी जाईल?" असं ते म्हणत.

पुढे फ्लेक्स आले आणि आमचं काम सुटलं. मी एका डब्यात पडून राहिलो. केस वाळून काट्यासारखे झाले. फार वाईट वाटायचं हो.

मग यंदा एके सकाळी शेजारचे श्रीरंग आले. ते निवृत्त विमान मेकॅनिक. वाडीतल्या शेडमध्ये अकरा वर्षं खपून त्यांनी एक छोटंसं विमान स्वतःच्या हातानं बांधलं होतं. त्याला सरकारी नोंदणी मिळाली होती: पाच इंग्रजी अक्षरं, शेवटचं 'ए'.

"दादा, स्टिकर नको. तुमच्या हातचं हवं," ते म्हणाले.

दादांनी मला दोन दिवस टर्पेंटाइनमध्ये भिजवलं, बोटांनी विंचरलं. माझ्यात पुन्हा जीव आला.

अक्षरं साधी, सरळ हवीत असा नियम. दादांनी कडांना चिकटपट्ट्या लावल्या आणि आम्ही लिहायला घेतलं. सगळं झालं, फक्त 'ए'ची मधली आडवी रेघ त्यांनी ओढायची ठेवली, तिथल्या पट्ट्याही तशाच. "वहिनींना बोलवा."

श्रीरंगांचा चेहरा उतरला. "आशालता? अकरा वर्षांत तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. पहिल्यांदा मीच उडवणार, म्हणून घाबरते. तुम्हीच ओढा ना."

"मी नाही ओढणार." हट्टी म्हातारा!

दुसऱ्या दिवशी विमानाच्या तपासणीला सरकारी साहेब आले. सगळं पाहून शेपटीजवळ थांबले. "हे काय, उलटा व्ही? अपुऱ्या अक्षरावर मी सही करणार नाही. मला तासाभरात निघायचंय. आज राहिलं तर पावसाळ्यानंतरच."

दादा मला घेऊन तडक श्रीरंगांच्या घरी गेले. वहिनी वाल सोलत बसल्या होत्या.

"वहिनी, विमानावरची शेवटची रेघ तुम्ही ओढली नाहीत तर ते इथेच राहील. तुमच्या मनासारखं होईल. मी आग्रह करणार नाही."

वहिनींनी हातातले वाल खाली ठेवले. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं हा माणूस शेडमधून उशिरा येऊन गार जेवण जेवलाय, दादा. पण मला भीती वाटते हो."

"वाटणारच. होडीवाल्यांच्या बायकांनाही वाटायची. तरी रेघ ओढायच्या त्या."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि उठल्या.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी विमानाला हात लावून पाहिलं. "अगं बाई, केवढंसं आहे हे!" मग मला धरलं. हात असा कापत होता की रंग खाली-वर सगळीकडे! मला तर रडूच आलं. श्रीरंग दुसरीकडे तोंड करून उभे होते.

"अहो, इकडे बघा. ही रेघ मी ओढलीय. नीट परत यायचं. ऐकताय ना?"

श्रीरंग वळून जवळ आले.

दादांनी हलकेच चिकटपट्ट्या काढल्या. विमानावर सरळ, स्वच्छ रेघ उमटली होती. सगळी थरथर पट्ट्यांवर राहिली होती. साहेबांनी सही केली. श्रीरंगांनी त्या पट्ट्या घडी करून शर्टाच्या खिशात ठेवल्या. "उडताना या माझ्याजवळ असू देत," ते म्हणाले.

मित्रांनो, माझं मागणं थोडंसंच आहे. काम झालं की ब्रश लगेच धुवा, रंगात वाळू देऊ नका. आणि घरातलं कुणी मन लावून काही बांधत असेल, तर भीती वाटली तरी एकदा जाऊन बघा.

मला त्या दिवशी वहिनींनी स्वतः आधी टर्पेंटाइननं, मग साबणानं धुतलं. रविवारी विमान पहिल्यांदा उडणार आहे. धावपट्टीच्या कडेला त्या वाट बघत उभ्या राहणार आहेत, आणि मी त्यांच्या पर्समध्ये असणार आहे.