न सापडलेला बिघाड

वाचकहो, एका चिंधीपायी शिकवण्याची नवी रीत कशी बुडता बुडता वाचली, त्याचा वृत्तान्त प्रस्तुत कथेत यथामती सादर करीत आहे.

एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील मदतनीस 'पानेकाका' या नावाने सर्वश्रुत होते. कारण खिशात पाना नाही असा त्यांचा एकही दिवस उगवला नव्हता. एकतीस वर्षे त्यांचा एकच नेम, विद्यार्थी येण्यापूर्वी प्रत्येक यंत्र ठणठणीत असावे. मात्र नव्या मॅडमनी टिपणे सांगून उतरवून घेण्याची प्रथा मोडली. यंत्रात त्या मुद्दाम खोट घालीत व मुलांकडून ती हुडकून घेत. प्राचार्यांना ही थेरे वाटत. अखेर ठरले, की समितीसमोर मुलांनी अर्ध्या तासात पंपाचा बिघाड शोधावा. न जमल्यास उद्यापासून पुन्हा टिपणे.

बातमी फुटल्याचा ठपका नको म्हणून मॅडमनी आदल्या सायंकाळी कोणासही न सांगता खोट घातली. सकाळी काकांनी पंप उघडला, तो पाणी ओढणाऱ्या नळाच्या जाळीत त्यांचीच पुसायची चिंधी अडकलेली. ती आपल्याच हातून राहिली, या समजुतीने ते ओशाळले आणि त्यांनी चिंधी काढून गुपचूप खिशात कोंबली.

समिती आली. पंप सुरू झाला. चार मुले त्यावर वाकली ती पंचवीस मिनिटे वाकलेलीच. मग गटाची म्होरकी चष्मेवाली उभी राहिली.

"पंपाला काही झालेलं नाही."

प्राचार्य हसले. "टिपणं असती तर निदान चार ओळी खरडल्या असत्या."

"अगं, पुन्हा एकदा बघ," मॅडम हळूच म्हणाल्या.

"तीनदा बघितलं, मॅडम. बादली भरून मोजलं. यायला हवं तेवढं पाणी येतंय. जाळीसुद्धा उघडली, स्वच्छ आहे."

जाळीचे ऐकताच मॅडम चपापल्या. कोपऱ्यातील काकांचा हात खिशाकडे गेला. जाळीतली चिंधी हीच मॅडमनी घातलेली खोट होती, हे आता त्यांना उमगले.

समितीच्या अध्यक्षांनी मॅडमनी दिलेले बंद पाकीट फोडून कागद वाचला. "इथे तर बिघाड लिहिलाय."

"मग कागदच दुरुस्तीला टाका," मागचा उंच मुलगा पुटपुटला. चष्मेवालीने त्याला कोपर मारले.

"पाच मिनिटं आहेत," प्राचार्य म्हणाले, "काहीतरी सांगून मोकळी हो."

"नसलेलं कसं सांगू, सर?"

काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. बोलावे तर नोकरीला डाग, गप्प बसावे तर पोरीचा खरेपणा खोटा ठरणार. ते पुढे आले आणि ओली चिंधी त्यांनी मेजावर ठेवली.

"साहेब, बिघाड सकाळपासून माझ्या खिशात आहे. ती पोरगी खरं बोलतेय."

अध्यक्षांनी चिंधी पाहिली, मग ते मुलीकडे वळले. "एखादा अंदाज ठोकून द्यावासा नाही वाटला?"

"मॅडम अंदाजाचं कारण विचारतात. माझ्याकडे नव्हतं."

अध्यक्षांनी अहवालात लिहिले, की ही रीत चालू ठेवावी. काकांना मात्र समज देण्यात आली.

"काका, यापुढे खोट तुम्हीच घालायची," मॅडम म्हणाल्या.

"जन्मभर जोडलं, आता म्हातारपणी मोडायला लावताय होय?"

सोमवारी काकांनी पंपाच्या एका बोल्टची चाकी ढिली केली. ती पुन्हा घट्ट पिळावी म्हणून तीनदा ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाऊन आले. परंतु पाना खिशातच राहिला.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतल्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
पानेकाका