टाकीची खंडेनवमी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामाचं शटर वर केलं आणि आत सगळं गप्प होतं. टाकी गार ठेवणाऱ्या चिलरची घरघर नाही, पंपाचा आवाज नाही. अरे बाप्पा! पळत टाकीपाशी गेले. काटा बारा अंशांवर हवा होता, तो पार चोविसाच्या पुढे जाऊन बसला होता.

यात रडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून सांगते. माझा नवरा पद्मनाभ बिअर करतो. करतो म्हटलं की त्याला राग येतो. "बिअर आपण करत नसतो श्वेता, यीस्ट करतं. आपण तिला स्वच्छ ठेवायचं, थंड ठेवायचं आणि तिच्या वाटेला जायचं नाही." हे प्रवचन त्यानं मला पहिल्यांदा बेळ्ळंदूरच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकवलं होतं. मी नागपूरची, या कानडी शहरात नवी; मला वाटलं पोरगा बोलतो बरा. लग्न झाल्यावर त्यानं नोकरी सोडली. मी नाही सोडली. घरात एकानं तरी शहाणं राहायला नको?

रागी, म्हणजे आपली नाचणी, मोड आणून वाळवायची, जवाबरोबर शिजवायची आणि मग थंडगार टाकीत आठवडेच्या आठवडे नुसतं पडू द्यायचं. घाई नाही. कुठे चुकलं तर आंब्याचा रस किंवा मसाला ओतून चूक झाकायची नाही, हा दुसरा नियम. फोनवर तापमान दाखवणारं यंत्रसुद्धा त्यानं बसवलं नाही. "पाळण्यावर कॅमेरा लावून बाळ लवकर मोठं होतं का?" म्हणे. घ्या आता!

आणि ही आमची पहिली टाकी होती. आत यीस्ट ऐन जोरात आलेलं. त्या वेळी थंडावा काढून घेतला की ते स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं आणि भलभलते वास सोडतं.

मी चिलरच्या मेन स्विचकडे गेले. स्विच बंद होता. त्याला हळद-कुंकवाची बोटं लावलेली होती आणि वर झेंडूचं फूल खोचलेलं.

ही बोटं अक्कांची होती.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, कृष्णवेणी. हे लोक राजाजीनगरातले जुने मराठी; घरात निम्मी कन्नड. पोटची पोरंही आईला अक्काच म्हणतात. गोदाम सासऱ्यांच्या हार्डवेअरचं. ते गेल्यावर पद्मनाभनं ते बिअरसाठी मागितलं, तेव्हा अक्कांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि त्यानंतर त्या विषयावर तोंडच उघडलं नाही. त्याला जेवायला वाढायच्या, आजारपणात उशाशी बसायच्या, पण गोदामाच्या रस्त्यानंसुद्धा जायच्या नाहीत. पद्मनाभ मला म्हणायचा, "अक्का एकदा येऊन गेली ना, मग उद्‌घाटनाला चिटपाखरू नाही आलं तरी चालेल मला."

आणि खंडेनवमीला त्या आल्या! आपणहून. इरकल नेसून, पूजेचं ताट घेऊन. एकेका यंत्राला कुंकू लावलं. पद्मनाभ कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसत होता, मी पाहिलं. निघताना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. दिवा शांत होईपर्यंत मी बसते इथं." आम्ही भाबडे, गेलो. खंडेनवमीला पूजा झालेल्या यंत्राला काम लावायचं नाही, विश्रांती द्यायची, हे त्यांच्या घरातलं लहान पोरही जाणतं. पद्मनाभच्या मात्र डोक्यातच आलं नाही की अक्का चिलरलाही यंत्र समजतील. आणि दसऱ्याला टाकीच्या वाटेला जायचं नाही म्हणून आम्हीही घरीच.

मी स्विच चालू केला. पदरानं कुंकू पुसलं, फूल पर्समध्ये कोंबलं. पद्मनाभ आला तेव्हा काटा नुकता खाली सरकू लागला होता. त्यानं काट्याकडे पाहिलं.

"वीज गेली असेल," मी म्हणाले.

"मग आल्यावर आपोआप चालू व्हायला हवा होता. त्या अनिलकुमारनं काहीतरी घोळ घातलाय."

अनिलकुमारनं चिलर बसवला होता. पुढचे दिवस पद्मनाभ रोज त्याला फोन करून झापायचा आणि रोज टाकीतून थोडी बिअर काढून हुंगायचा. "थांबू अजून. कदाचित यीस्ट स्वतःच सावरेल," म्हणायचा. त्याची झोप उडाली, माझीही. मला बिअरची काळजी नव्हती, खोटं कशाला बोलू. मला अक्कांची धास्ती होती. आपल्या हातानं लेकाचं पहिलं काम नासलं हे कळलं तर ती बाई पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. बिचाऱ्या अनिलकुमारला घातलेल्या शिव्या ऐकताना मला घाम फुटायचा, तरी मी तोंड शिवून बसले.

रविवारी जेवताना अक्काच बोलल्या. अगदी खुशीत होत्या. पद्मनाभच्या पानात भात वाढत म्हणाल्या, "त्या दिवशी सगळ्यांना विश्रांती दिली बघ मी. तो कोपऱ्यातला डबा तर स्वल्पसुद्धा थांबत नव्हता, नुसता घरघर. म्हटलं, यानंच काय पाप केलंय? त्यालाही बंद केलं, फूल घातलं."

पद्मनाभचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला काही लपवता आलं नाही.

"सरी अक्का, बरं," त्यानं मान डोलावली आणि पुढचा घास घेतला.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. "तू त्यांना एक अक्षर सांगायचं नाहीस. बिअर खराब झाली म्हण, चिलर बिघडला म्हण, काहीही म्हण!"

"आणि अनिलकुमारला जे बोललो ते?"

"त्याची माफी माग, मीही मागते. पण अक्का तुटतील रे. तुला तेच हवंय का?"

"ज्या धंद्यात चूक झाकायची नाही म्हणतो, तिथं पहिलीच चूक आईपासून झाकू?"

"मोठा आला तत्त्वाचा! आई आहे ती, गिऱ्हाईक नाही!" मी ओरडलेच. मग दोघंही गप्प झालो, कारण बाहेर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं टाकी रिकामी करायला घेतली. मी रजा टाकून सोबत गेले. व्हॉल्व्ह उघडला, पिवळसर फेस मोरीकडे धावू लागला. पद्मनाभ हाताची घडी घालून बघत उभा होता. मला तर रडूच येत होतं.

शटरपाशी सावली पडली. अक्का. घरातल्याच साडीत, डोक्यावर ऊन घेऊन चालत आलेल्या. त्या मोरीजवळ गेल्या, वाकून वास घेतला.

"पिकलेल्या केळ्याचा वास येतोय की. हे वाईट?"

"आपल्या बिअरला वाईट," पद्मनाभ म्हणाला.

"माझ्यामुळं, नव्हे?"

सांग रे नाही म्हणून, मी मनात देवाचा धावा केला.

"होय अक्का. तुझ्यामुळं."

फेस वाहत राहिला. अक्कांचा पदर डोळ्यांना लागला. आता या मागे वळणार आणि संपलं सगळं, असं मला वाटलं. मी त्यांना धरायला पुढे झाले तर त्यांनी माझा हात झिडकारला आणि टाकीभोवती एक फेरी मारली. थंडगार पत्र्यावर तळवा ठेवला.

"दुसरी कधी भरणार?"

"धुऊन झाली की. आठवड्याभरात."

"मग पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगते, नीट ऐक." त्यांचा आवाज अजून ओलाच होता, पण बोट पद्मनाभच्या नाकासमोर उगारलेलं. "खंडेनवमीला यंत्र चालवायचं नाही म्हणजे नाही. त्या दिवशी टाकी रिकामी पाहिजे. तसं जमवून भरत जा."

"जमवतो," पद्मनाभ म्हणाला, आणि मग त्याच्याच्यानं राहवेना. मोरीच्या कडेला, त्या फेसात उभं राहून, तो हुंदके देऊन रडला.

"काय लावलंय हे? वेडा कुठला," अक्का म्हणाल्या आणि पदर खोचून त्यांनी पाण्याची नळी हातात घेतली.