एरंडोलची कडी आणि कोकीचा मुकादम

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. अंगावर गंज चढला आहे, पण मी एकही गोष्ट विसरलेली नाही. कुणी मला किती वेळा ओढलं, कुणी आपटलं, कुणी माझ्यासमोर कुणाला काय टोचून बोललं, ते सगळं माझ्याकडे जमा आहे. माणसं दाराशी येतात आणि दारच बघतात. कडीलाही कान असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

माझा जन्म एरंडोलच्या एका भट्टीत झाला. लोहारानं मला लाल होईपर्यंत तापवलं आणि ऐरणीवर ठेवून बदडलं. माझ्या रागाच्या यादीतला तो पहिला माणूस. दुसरा मगन मिस्त्री. त्यानं तंबाखू मळता मळता माझा कोयंडा बोटभर खाली ठोकला. त्यामुळे मला आधी उचलून मग दाबावं लागे, आणि नीट बसले तरी 'खट' असा आवाज येत नसे. तरीही सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. घराचे मालक चुडामणभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, बैल जुंपून ओढली तरी ही कडी निघायची नाही. आमच्या गल्लीत कुलपाची पद्धत नव्हती. कडी घातली की घर बंद.

चुडामणभाऊ जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर कामाला होते. त्यांची बायको सुमनबाई शेतात जाई. मुलगी कोकिळा दुसरीत होती, तिला सगळे कोकी म्हणत. सकाळी दहाला तिघं एकदमच निघत आणि कडी घालायचा मान कोकीचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात दाराचं लाकूड फुगलं. एक दिवस मी नीट बसले नाही आणि कुणाची तरी बकरी आत शिरून टोपल्यातल्या भाकरी खाऊन गेली. एवढंच झालं होतं. पण शेजारच्या ओट्यावर सुगंधाकाकू बसलेली होती. गहू निवडताना तिला तोंडालाही काम लागे. ती कोकीला म्हणाली, "आज बकरी शिरनी वं. उद्या चोर शिरी, नि तुन्ही मायले मारी टाकी."

काकूला त्यात गंमत वाटली. कोकीला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी कोकीनं मला दोनदा ओढून पाहिलं. आठवड्यानं सातदा. दसऱ्याला सात सातचे सात फेरे झाले होते. मध्ये कुणी बोललं की मोजणी पहिल्यापासून. आकडा चुकला तर माय शेतातून परत येणार नाही, असं ती माझ्यापाशी तोंड आणून पुटपुटे. दुसऱ्या कुणालाही तिनं हे सांगितलं नव्हतं. दर फेऱ्यानंतर ती मागे वळून विचारी, "माय, लागी गई ना?" सुमनबाई म्हणे, "लागी गई वं बाई." एका सकाळी मी मोजलं, सुमनबाईनं हे उत्तर एकोणीस वेळा दिलं. विसावा प्रश्न तरी आलाच.

आणि सुगंधाकाकू? ती बरोबर सहाव्या ओढीला हाक मारी. "कितलं व्हयनं कोकी? चार का पाच?" कोकीचा चेहरा पांढरा पडे आणि ती पुन्हा एकपासून सुरू करी. काकू पदरात तोंड घालून हसे.

खरं सांगते, तेव्हा माझा राग काकूवर नव्हता, पोरीवर होता. रोज पन्नास हिसके कोण सोसणार? मी सूड घ्यायचं ठरवलं. एका सकाळी तिचं बोट माझ्यात नि कोयंड्यात असं धरलं की रक्त आलं. वाटलं, आता ही मला हात लावायची नाही. पण कोकीनं बोट तोंडात घातलं, आपणच काहीतरी चुकीचं मोजलं असं मानलं, आणि आणखी सातचा फेरा वाढवला.

चुडामणभाऊंचीही तीच गत. त्यांना जिनिंगला उशीर होई, तिथला मुकादम सगळ्यांसमोर त्यांची लाज काढी, आणि तो राग दुसऱ्या दिवशी कोकीच्या पाठीवर उतरे. एक धपाटा, सात ओढ्या जास्त. हे माझं पक्कं मोजमाप आहे. शेवटी एका दिवशी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि सुमनबाईला सांगितलं, "संक्रांतलोंग दखसू. मंग हिले पिंपळनेरकडना भगतपाशीच ठेवनं पडी." संक्रांतीपर्यंत वाट पाहायची आणि पोर लांबच्या भगताकडे सोडून यायची. कोकीनं ते ऐकलं. माझ्यावरचा तिचा हात थंडगार झाला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर कोकीच्या वर्गाच्या यशोदाबाई घरी आल्या. मुलगी रोज तासभर उशिरा का येते, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्या ओट्यावर बसल्या आणि मनगटावरच्या घड्याळात बघत राहिल्या. सगळं आटोपल्यावर म्हणाल्या, "मारून मोजणं थांबत नाही, चुडामणभाऊ. वाढतं." त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी तासन्‌तास हात धूत असे. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की हा आजार आहे, यात पोराची चूक नाही आणि आईबापाचीही नाही. मात्र भीतीनं हुकूम सोडला आणि पोरानं तो पाळला, की भीती उद्या मोठा हुकूम सोडते.

मग त्यांनी कोकीला जवळ घेऊन विचारलं, तुझ्या डोक्यात बसून 'ओढ, अजून ओढ' म्हणतो त्याचं नाव काय ठेवू या?

कोकीनं बापाकडे चोरून बघितलं आणि म्हणाली, "मुकादम."

मित्रांनो, चुडामणभाऊ पोट धरून हसले. त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी हसलं नव्हतं. जिनिंगच्या मुकादमापुढे त्यांना मान वर करता येत नव्हती. हा मुकादम मात्र आपल्याच दारात, आपल्याच पोरीच्या तावडीत सापडला होता. त्यांच्या डोळ्यांत सूड चमकलेला मी बघितला. मी तो ओळखते, माझ्याकडे तसलाच आहे.

बाईंनी दोन नियम घातले. रोजच्या ओढ्यांतून दर दोन दिवसांनी सात कमी करायच्या, शेवटच्या सातवर आलं की एकेक. आणि "लागी गई ना?" याला घरातल्या कुणीही उत्तर द्यायचं नाही. सुमनबाईचा जीव कासावीस झाला. ती म्हणाली, "पोर रडी ऱ्हायनी, नि मी मुकी बसू?"

"मुक्या नका बसू. जवळ घ्या," बाई म्हणाल्या. "पण सांगा, हे कोकी विचारत नाही, मुकादम विचारतोय. मुकादमाला मी उत्तर देत नाही."

पहिल्या दिवशी कोकीनं एक फेरा सोडला आणि ती ओट्यावर उभी राहिली. हात पुन्हा माझ्याकडे येई, ती तो फ्रॉकच्या खिशात कोंबी. चुडामणभाऊ तिच्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "मुकादमले आज उन्हात उभा करूत. बोंबलू दे त्याले." त्या दिवशी मुद्दाम आलेल्या बाई घड्याळात बघत होत्या. पाच मिनिटांनी धडधड वाढली. बारा मिनिटांनी थोडी उतरली. विसाव्या मिनिटाला कोकीला आपोआप जांभई आली. मुकादमाचं न ऐकताही धडधड उतरते, हे तिला त्या दिवशी कळलं. मलाही.

त्या दिवसापासून मीही बाजू बदलली. रागाची यादी तीच, फक्त कोकीचं नाव खोडलं आणि मुकादमाचं सगळ्यांत वर घातलं. त्याच्या खाली सुगंधाकाकू.

सगळं सरळ झालं असं समजू नका. डिसेंबरात सुमनबाईला राहवलं नाही. चुडामणभाऊ सायकलची हवा बघत होते, तेवढ्यात तिनं कोकीच्या कानात सांगून टाकलं, लागली गं, लागली. मी ऐकलं. मायेनं सांगितलं होतं, तरी मला तिचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी एकवीसवर आलेला आकडा पस्तिसावर गेला. सुमनबाईनं स्वतःच शाळेत जाऊन बाईंना ते कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मुकादमाला एक चहा पाजला गेला, आता पुन्हा बंद करा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कोकी एकवर आली. मला उचलायचं, दाबायचं, आणि निघायचं. ओढून बघायचं नाही. सुमनबाईनं ओठ घट्ट मिटले होते. चुडामणभाऊंनी सायकल धरली होती, पण पाय पायडलवर नव्हता. कोकीनं मला बसवलं, पाठ फिरवली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरली.

तेवढ्यात शेजारून हाक आली. "कोकी वं, कडी तं उघडीच ऱ्हायनी."

धडधडीत खोटं. मी पक्की बसलेली होते. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मगन मिस्त्रीनं मला आवाज ठेवला होता कुठे? कोकी थांबली. तिनं हात फ्रॉकच्या खिशात कोंबला. मागे वळली तर पिंपळनेर, नाही वळली तर शाळा.

"ऱ्हाऊ दे काकू," ती म्हणाली. "उघडी ते उघडी."

आणि मागे न बघता चालू लागली.

आता चुडामणभाऊंची पाळी. त्यांनी सायकल लावली आणि अगदी अदबीनं म्हणाले, "वहिनी, उघडी शे म्हनतस ना तुम्ही? मंग ओढी दखाडा." गल्लीतली चार दारं उघडली. काकूला उठावंच लागलं. तिनं मला ओढलं. मी आयुष्यात तितकी घट्ट कधी बसले नसेन. "पुन्हा दखा," भाऊ म्हणाले, "खात्री नको का?" समोरची तानुबाई मोठ्यानं मोजू लागली, एक, दोन, तीन. सातपर्यंत अख्खी गल्ली मोजत होती. काकूचा चेहरा मी जवळून बघितला. इतकं सुख मला तेल मिळाल्यावरही झालं नव्हतं. त्यानंतर तिनं गहू मागच्या अंगणात निवडायला घेतले.

कोकी पिंपळनेरला गेली नाही. मुकादम नंतरही अधूनमधून आला, परीक्षेच्या आधी तर नक्कीच, पण त्याला उन्हात कसं उभं करायचं हे तिला येत होतं. शहाण्णव साली दार बदललं आणि चकचकीत नवी कडी आली. मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. तो राग वेगळा आहे, तो मी जपून ठेवला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा वर्गात एखादं मूल पुन्हा पुन्हा मोजत असेल, हात धूत असेल, तेच विचारत असेल, तर त्याला हसू नका, मारू नका, आणि त्याच्या मुकादमाची चाकरीही करू नका. मुलाच्या बाजूनं उभे राहा. त्याच्या सहाव्या मोजणीला मुद्दाम हाक मारणारे जे कुणी असाल, त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की दाराला कडी असते आणि ती बघत असते.

एक मात्र माझं राहून गेलं. इतका गोड सूड झाला, आणि तो बघायला कोकी थांबलीच नाही. संध्याकाळी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि भाकरी मागितली. त्या सकाळी मी लागलेली होते की उघडी, हे तिनं आजवर कुणालाही विचारलेलं नाही.