पितराची खीर

बन्सीने तांब्यातलं पाणी पायांवर सोडलं, तसा गहिनीनाथाने डाव्या पायाचा अंगठा फरशीवर दाबून धरला. अंगठ्याला बांधलेली चिंधी त्याने बांधावरच सोडून खिशात कोंबली होती. पितर म्हणून आलेल्या माणसाचे पाय धुतात. चिंधीचा पाय पुढे करणं बरं दिसलं नसतं. बन्सीची आई मालनबाई पंचा घेऊन शेजारी उभी होती. तिने अंगठा पाहिला की नाही, ते त्याला कळलं नाही.

पितृपंधरवड्यात गेलेल्याच्या नावाने गावातल्या एकाला जेवू घालायचं, त्याने खाल्लेलं गेलेल्याला पोचतं, अशी पुणतांब्याकडची रीत. मालनबाईचा नवरा सूर्यभान दीड वर्षापूर्वी, सत्तर सालच्या उन्हाळ्यात गेला. त्याचा पितर गहिनीनाथच होणार, कारण दोघांच्या बांधाला बांध आणि आता दुखण्यालाही दुखणं. सूर्यभानाला साखरेचा आजार होता; नगरला नेऊन पाय कापला, तरी तो वाचला नाही. चार महिन्यांपूर्वी कोपरगावच्या डॉक्टरांनी गहिनीनाथालाही तेच दुखणं सांगितलं. गोड बंद, नाहीतर अंगठ्यापासून सुरू झालेलं पायावर जाईल, असं बजावलं.

तेव्हापासून गड्याच्या जिवाला थारा नव्हता. कारलं आणि बाजरीची भाकरी खाऊन उठला, की हात धुवायच्या आधी डोळे फडताळाकडे. भागूबाईने, त्याच्या बायकोने, गुळाची ढेप शेजारणीकडे नेऊन ठेवली, तर हा त्या घरी दिवसातून दोनदा काडेपेटी मागायला जाऊ लागला. पितराचं आमंत्रण आलं आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी गत झाली. पितराच्या तोंडचं पितराला पोचतं, मग ते आपल्याला कसं बाधेल, असं त्याने तीन दिवस स्वतःला पटवलं. भागूबाईला काही ते पटलं नाही. निघताना तिने सांगितलं होतं, शास्त्रापुरता घास घ्या आणि पुन्हा वाढायला आल्या की द्रोणावर आडवा हात धरा.

कावळा घासाला शिवला. गहिनीनाथाने वडे, कढी, गवार सगळं बाजूला ठेवून खिरीचा द्रोणच उचलला. वेलदोड्याचा वास आला. मोठा घोट तोंडात घेतला आणि तो थबकला. खीर फिकी होती. चार महिन्यांच्या उपासाला हे फळ मिळालेलं पाहून त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

मालनबाई समोर येऊन बसली. तिच्या हातात किसलेल्या गुळाची वाटी होती.

"दोन वरीस त्यांस्नी अशीच दिली, भाऊजी. येक दिस गोड लावू दिलं न्हाई. तरी पाय गेलाच. मग कशापायी तरसवलं मी त्यांस्नी?" ती थांबली. "आज त्यांच्या वतीनं तुमीच सांगा. घालू का गूळ?"

गूळ पिवळाधमक होता, गहिनीनाथाच्याच गुऱ्हाळाचा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. घाला, एवढंच म्हणायचं होतं, आणि वर पुण्यही पदरात पडणार होतं. पण वाटीतल्या गुळाकडे पाहता पाहता त्याला विहिरीवरचं इंजिनाचं खोपट आठवलं आणि पुढे आलेला सूर्यभानाचा हात दिसला. द्रोण त्याने खाली ठेवला.

"वैनी, सूर्यभान तरसला न्हाई." तो म्हणाला. "रोज सांजच्याला इंजिनापाशी यायचा. गूळ मी द्यायचो. तोंड पुसून घरी धाडायचो."

बन्सीची कढीची पळी तशीच राहिली. गहिनीनाथाने मान खाली घातली. मांडीखालून त्याचा अंगठा बाहेर आला होता, पाण्याने पांढुरका पडलेला, आणि मालनबाई तिकडेच पाहत होती. मग ती वाटी घेऊन आत गेली. आता ती बाहेर येणार नाही, असं त्याला वाटलं. दोस्ताला प्रेमाने दिलं, असं आजवर तो स्वतःला सांगत आला होता. आता त्याला ते सांगता येईना. उरलेली फिकी खीर त्याने गुमान पिऊन टाकली.

मालनबाई बाहेर आली ती त्याच फिक्या खिरीचं पातेलं घेऊन; गुळाची वाटी आतच राहिली होती.

"बन्सी, चुलत्याच्या पायाला कोरडी चिंधी आन," ती म्हणाली आणि तिने पळी भरली.

गहिनीनाथाला आडवा हात धरता आला नाही.